स्वतःपुरता उजेड

१९ जून २०२४ या दिवशी दिल्लीतील विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटपर्यंत चढली. तोपर्यंत राजधानीने एवढी वीज कधी मागितली नव्हती. हा आकडा आम्हांस पाठ झाला तो कचेरीतील एखाद्या टिपणीमुळे नव्हे. त्याच आठवड्यात एका रात्री दहाच्या सुमारास आमच्या सरकारी वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला आणि सकाळपर्यंत वीज आली नाही, म्हणून तो पाठ झाला.

आमच्या जिन्यावर आठ बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी पाचांकडे इन्व्हर्टर आहे व त्या पाचांत आमची गणना होते. पंखा फिरत होता, मुलगी झोपली होती, आणि खरे सांगावयाचे तर बाहेरच्या अंधाराविषयी आम्हांस फारसे काही वाटत नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरील गढवाली शेजारी दारात उभे होते. त्यांच्या वृद्ध वडिलांस रात्री प्राणवायूचे यंत्र लावावे लागते, आणि त्यांच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी संपत आली होती. असे यंत्र साधारण साडेतीनशे वॉट वीज खाते. दीडशे अँपिअर-तासांची चांगली बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर त्यास तीन-साडेतीन तास पुरते. आम्ही जिन्यातून वायर वर नेली, घरातील पंखे बंद केले, आणि पहाटे कोठून तरी प्राणवायूचे नळकांडे येईपर्यंत काम भागले.

यात आमचे औदार्य काही नाही. उलट सांगावयाचे आहे ते निराळेच. थाप पडली आणि आम्ही 'हो' म्हटले, या दोहोंच्या मध्ये एक क्षण गेला. त्या क्षणात आम्ही बॅटरीत किती उरले असेल आणि मुलीचा पंखा आणखी किती वेळ चालेल याचा हिशेब केला. तो हिशेब शेजाऱ्यांस दिसला नाही, घरच्या मंडळींसही दिसला नाही. आम्हांस मात्र तो अद्याप दिसतो.

पुढच्याच रविवारी सातारा जिल्ह्यातून आमच्या थोरल्या बंधूंचा फोन आला. गावाकडे त्यांची पिठाची गिरणी आहे, आणि वीज गेली की गिऱ्हाइकांचे डबे तसेच रांगेत राहतात. परप्रांती नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी कारकुनास हा अनुभव असेल की, गावच्या मंडळींच्या दृष्टीने आपण केंद्र सरकारात आहोत म्हणजे केंद्र सरकारचे सारे ज्ञान आपल्या टेबलाच्या खणात आहे. आपले टेबल वस्तुतः पेन्शनीचे असो की कबुतरांच्या बंदोबस्ताचे असो! दादा म्हणाले, "अरे, जनरेटरवाला म्हणतो की यंत्राची निम्मी किंमत करात सुटते. म्हणजे निम्मा जनरेटर सरकारचा. खरे आहे का हे?"

हिशेबाच्या दृष्टीने ते खरे नव्हते, हे पुढे येईलच. परंतु 'निम्मा जनरेटर सरकारचा' हे शब्द आमच्या मनात रुतून बसले. समजा ते खरे असते. तर मग त्या जनरेटरने लागणारा निम्मा दिवा कोणाचा? आणि आमच्या घरची बॅटरी, जीत सरकारचा एक पैसाही नाही, ती तरी सर्वस्वी आमची होती काय? त्या रात्री जो क्षण गेला त्याचे उत्तर यात कोठे आहे काय? हा प्रश्न प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट निश्चित केली पाहिजे. करसवलत म्हणजे सरकारने न घेतलेला पैसा, आणि न घेतलेला पैसा हा ज्याचा त्याचाच, असे सर्वसाधारण मत आढळते. अमेरिकेच्या अर्थखात्यात करधोरणाचे काम पाहणारे स्टॅन्ली सरी यांनी १९६७ साली या मताच्या मुळाशीच हात घातला. त्यांचे म्हणणे असे की, सामान्य नियमाने जो कर यावयाचा तो विशिष्ट कामासाठी सोडून देणे आणि तो वसूल करून त्याच कामासाठी परत देणे, या दोहोंत तिजोरीच्या दृष्टीने फरक नाही. भेद एवढाच की दुसऱ्या प्रकारात खर्च सर्वांस दिसतो, पहिल्यात दिसत नाही. त्यांनी अशा सवलतींस 'करखर्च' असे नावच दिले. आपल्याकडेही २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून अशा सोडलेल्या महसुलाचे विवरण संसदेपुढे ठेवले जाऊ लागले. जे पान पूर्वी कोरे होते त्यावर आकडे आले. आम्हांस ही गोष्ट नीतीच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटते, कारण न दिसणाऱ्या दानाचे ऋण कोणी मानीत नाही.

आता दादांचा हिशेब. जनरेटरवर प्राप्तिकरात जी वजावट मिळते ती घसाऱ्याची, आणि ती सामान्य यंत्रांप्रमाणे शेकडा १५ या दराने. एखाद्या कंपनीने २० लक्ष रुपयांचा जनरेटर घेतला तर पहिल्या पूर्ण वर्षी तिचा नफा ३ लक्षांनी कमी धरला जाईल, आणि २२ टक्क्यांचा दर पत्करलेल्या कंपनीचा अधिभारासह सुमारे पाऊण लक्ष रुपये कर वाचेल. तेवढ्याच किमतीची सौर यंत्रणा घेतली तर घसारा शेकडा ४०, म्हणजे पहिल्या वर्षी बचत दोन लक्षांची. ३१ मार्च २०१७ पर्यंत हाच दर शेकडा ८० होता. यातील साध्या घसाऱ्यास आम्ही मेहेरबानी म्हणणार नाही. धंद्यासाठी झालेला खर्च नफ्यातून वजा व्हावयाचाच. मेहेरबानी असते ती त्या घाईत, म्हणजे पुढील अनेक वर्षांची वजावट आरंभीच उचलू देण्यात.

आणि दादा? त्यांच्यासारखे लहान व्यावसायिक बहुधा उलाढालीवर ठोक अंदाजाने नफा धरून कर भरतात. त्या पद्धतीत घसारा आधीच वजा झाला असे मानले जाते. निराळा मिळत नाही. त्यांच्या जनरेटरमध्ये सरकारचा निम्मा तर सोडाच, एक स्क्रूही नव्हता. हे सांगितल्यावर दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे ज्याला गरज नाही त्याला सूट!" हे अगदीच बरोबर नाही, पण अगदी चूकही नाही. वजावटीचे मोल घेणाऱ्याच्या कराच्या दरावर अवलंबून असते. ज्याचा कर मोठा त्याची सवलत मोठी, आणि ज्यास कर देण्याइतके उत्पन्नच नाही त्याच्या अंधारास कायद्याच्या लेखी किंमत नाही.

यापेक्षाही विलक्षण गोष्ट घर आणि दुकान यांच्या भेदात आहे. दुकानात दिवा गेला तर ते नुकसान, म्हणून दिव्याची सोय हा खर्च. घरात दिवा गेला तर ती गैरसोय, म्हणून दिव्याची सोय हा उपभोग. नोकरदार माणूस इन्व्हर्टर घेतो तो कर भरून उरलेल्या पगारातून, आणि त्यावर पुन्हा कर भरतो. साध्या शिशाच्या बॅटरीवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी वस्तू व सेवा कराचा दर शेकडा २८ होता. त्या दिवसापासून तो १८ झाला, आणि त्याच वेळी सौर साधनांवरील दर १२ वरून ५ वर आला. नोंदणी केलेला व्यापारी आपल्या कामासाठी घेतलेल्या बॅटरीवरील हा कर सामान्यतः आपल्या देण्यातून वळता करून घेऊ शकतो. गृहस्थास तशी वाट नाही. म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांच्या श्वासासाठी घेतलेली बॅटरी ही उपभोगाची वस्तू ठरली, आणि तिच्यावर अनेक वर्षे शेकडा २८ कर बसला. चौकातील कपड्यांच्या मोठ्या दुकानातील बाहुल्यांवर पडणारा उजेड मात्र धंद्याचा खर्च. कायदा करणारांच्या मनात दुष्टावा नव्हता. मनुष्य कमावतो तेव्हाच त्याचे काही बिघडू शकते, एवढे एक गृहीत कायद्याच्या पोटात आहे, आणि ते कोणी तपासून पाहिले नाही.

एक विसंगती अशी की, ३१ डिसेंबर २०२० रोजी निघालेल्या वीजग्राहक-हक्कांच्या नियमांत चोवीस तास पुरवठा हे वितरकाचे कर्तव्य सांगितले आहे. आणि २०२२ च्या दुरुस्तीत, मोठ्या शहरांत डिझेलच्या जनित्रांची गरजच पडू नये असा पुरवठा असावा, असे पुढे म्हटले आहे. एका फाईलीत अंधार होणारच नाही आणि दुसऱ्या फाईलीत अंधाराच्या यंत्रावर घसारा. कचेरीत काम करणारास याचे आश्चर्य वाटावयाचे नाही. फाईली एकमेकींस ओळखीत नाहीत.

आपला देश सोडून क्षणभर दक्षिण आफ्रिकेकडे पाहू. कारण हा प्रश्न तेथे अगदी उघडा पडला. तेथील सार्वजनिक वीजसंस्थेची, एस्कॉमची, जुनी केंद्रे सारखी बंद पडू लागली आणि ठरवून वीज तोडण्याची पाळी आली. २०२३ हे त्यातील सर्वांत वाईट वर्ष. त्या वर्षी २२ फेब्रुवारीस अर्थमंत्री एनॉक गोडोंगवाना यांनी अर्थसंकल्पात दोन सवलती जाहीर केल्या. घरावर नवे सौर पत्रे बसविणारास त्यांच्या किमतीच्या शेकडा २५, परंतु १५,००० रँडहून अधिक नाही, इतकी करात सूट, आणि तीही १ मार्च २०२३ पासून एकाच वर्षापुरती. उद्योगांना मात्र अशा यंत्रणेच्या किमतीच्या शेकडा १२५ वजावट पहिल्याच वर्षी; म्हणजे खर्च शंभराचा आणि वजावट सव्वाशेची.

घरगुती सवलतीत एक अट होती, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणातील विचाराचा अंश त्या अटीत आहे. सूट फक्त पत्र्यांवर होती. बॅटरीवर नव्हती, इन्व्हर्टरवरही नव्हती. वरवर पाहता हे क्रूर वाटते. लोकांस हवा होता रात्रीचा दिवा, आणि सरकार पैसे देत होते दुपारच्या उन्हाला! परंतु तेथील अर्थखात्याची दृष्टी अशी की, पत्रा नवी वीज निर्माण करतो, त्या घराचा भार सार्वजनिक तारांवरून उतरतो आणि तेवढी वीज दुसऱ्या कोणास उरते. बॅटरी वीज निर्माण करीत नाही. तीच वीज ती आधी घेते, स्वतःजवळ ठेवते, आणि शेजारी अंधार झाला की मालकास देते. पहिल्या वस्तूत सर्वांचा थोडा लाभ आहे, दुसरीत केवळ धन्याचा. म्हणून सर्वांच्या पैशातून पहिलीस साहाय्य द्यावे, दुसरीस नाही. (अमेरिकेने नेमके उलट केले. तेथे २०२३ पासून किमान तीन किलोवॉट-तास क्षमतेच्या घरगुती बॅटरीवर, पत्रे नसले तरीही, शेकडा ३० सूट होती. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ अखेर बंद झाली.)

आफ्रिकेतील हा भेद आम्हांस तत्त्वतः योग्य वाटतो, तरी त्यातही एक फट आहेच. १५,००० रँडची पूर्ण सूट मिळविण्यास पत्र्यांवर ६०,००० रँड खर्चावे लागत, आणि तेवढा कर देय असावा लागे. ज्यांच्या घरी पत्र्याचेच छप्पर आहे त्यांना हा सौर पत्रा कोठून परवडणार? शिवाय जे गृहस्थ आपली वीज आपण करू लागतात ते नगरपालिकेची वीज कमी घेतात. आणि त्या विजेच्या उत्पन्नावर जो गरीब वस्त्यांचा खर्च चालतो तो तेवढ्याने उघडा पडतो.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर' योजना सुरू झाली. तीत करसवलत नाही, सरळ अनुदान आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,०००. एकूण ७८,००० च्या वर नाही. कर भरणारा व न भरणारा यांत ती भेद करीत नाही, हे चांगले. मात्र छप्पर स्वतःचे असावे लागते. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, दर तीन-चार वर्षांनी शिलाँगहून भोपाळला आणि भोपाळहून चेन्नईला बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्या वाचकांस हे वाचून काय वाटेल ते आम्हांस ठाऊक आहे. असो. आपल्या छपराचे दुःख हा निराळ्या लेखाचा विषय.

या योजनेतील एक गोष्ट पुष्कळांस पत्रे बसवून झाल्यावर कळते. बॅटरी नसलेली, सार्वजनिक तारेस जोडलेली सौर यंत्रणा त्या तारेतील वीज गेली की स्वतःही बंद पडते. भर दुपारी डोक्यावर ऊन तळपत असते, छपरावर तीन किलोवॉटचे पत्रे असतात, आणि घरात पंखा चालत नाही. लोक चिडतात, ठेकेदाराने फसविले म्हणतात. वस्तुतः हा दोष नव्हे. मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वीज गेली असता खांबावर चढून तार जोडणारा जो वायरमन असतो, त्याने तार मृत आहे असे समजून हात लावावा आणि एखाद्याच्या छपरावरून तीत प्रवाह यावा, तर तो जागच्या जागी मरेल. त्याचा जीव वाचावा म्हणून पत्र्याने विझावयाचे असते. आम्ही या गोष्टीवर अनेक दिवस विचार केला. अनुदानाने आलेला उजेड शेजाऱ्यांच्या उजेडाबरोबर जातो आणि त्यांच्याबरोबर येतो, आणि त्या नियमाच्या मुळाशी एका अपरिचित माणसाचा जीव आहे. बॅटरी लावली आणि घर सार्वजनिक तारेपासून तोडण्याची स्वयंचलित कळ बसविली, म्हणजे हे सहबंधन सुटते. मग वायरमनही सुरक्षित आणि आपला पंखाही चालू. त्यात अनीती मुळीच नाही. फक्त यापुढे शेजाऱ्यांचा अंधार हा आपला अंधार राहत नाही.

अशा वस्तूस सार्वजनिक पैसा द्यावा काय, याचा विचार करताना आम्हांस यंत्रांपेक्षा विहिरीची आठवण अधिक होते. आपल्या मुलखात तगाई हा शब्द कोणास सांगावा लागत नाही. १८८३ च्या जमीन-सुधारणा कर्जाच्या कायद्याने सरकार शेतकऱ्यास विहिरीसाठी कर्ज देई. विहीर खाजगी, पैसा तिजोरीचा. आमच्या आजोबांची विहीर अशीच तगाई काढून बांधलेली. १९७२ च्या दुष्काळात गावच्या बहुतेक विहिरींनी तळ दाखविला तेव्हा आमच्या विहिरीत चार हात पाणी होते, आणि आजोबांनी पिकास पाणी देणे बंद करून ते लोकांच्या पिण्यास मोकळे केले, असे वडील अभिमानाने सांगत. पिण्याचे पाणी नाकारू नये हा रिवाज कायद्यात नव्हता, गावच्या अंगवळणी पडलेला होता.

परंतु तो रिवाज कोणापुरता होता? महारवाड्यातील माणसांस त्या विहिरीत पोहरा सोडू दिला गेला, की काठावर उभे राहून वरून ओतलेले पाणी घ्यावे लागले, हे वडिलांनी कधी स्पष्ट सांगितले नाही. आणि आम्ही विचारले तेव्हा त्यांनी विषय बदलला. मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली जो ठराव मांडला व जो संमत झाला त्यात एक कसोटी होती: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची जागा अस्पृश्यांस खुली असावी. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले केल्याचे ठरविले, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर जाऊन पाणी पिईपर्यंत ते कागदावरच खुले होते. ती कसोटी आम्हांस आजही खरी वाटते. ज्यास सर्वांचा पैसा लागला त्याचे दार सर्वांस बंद करता येत नाही. तगाईची विहीर त्या कसोटीतून निसटली, कारण पैसा सर्वांचा असला तरी सातबारा एकाचा होता. करसवलतीवर घेतलेली बॅटरी किंवा जनित्र ही त्याच जातीची वस्तू आहे. कागद एकाच्या नावाचा, आणि पैशात वाटा त्याचाही, जो अंधारात बसला आहे.

यावर कोणी म्हणेल की तगाई परत करावी लागे, सवलत परत करावयाची नसते. बरोबर, आणि म्हणूनच सवलतीचे बंधन तगाईहून जड असावयास हवे, हलके नव्हे.

तर मग करावे काय? बॅटरीस कधीच साहाय्य देऊ नये, हा निर्णय आमच्याने देववत नाही, कारण प्राणवायूचे ते यंत्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याचा श्वास, ज्याचे इन्सुलिन, ज्याचे घरगुती डायलिसिस तारेवर अवलंबून आहे त्याची सोय ही उपभोग नव्हे, आणि तेथे सर्वांच्या पैशाने पहिला हात द्यावा. मात्र तो करात सूट देऊन नव्हे, कारण रोगास प्राप्तिकराची मर्यादा कळत नाही. सरळ बॅटरी द्यावी, नळकांडे द्यावे. (यातून आणखी एक फॉर्म निघेल आणि तो आमच्यासारखाच कोणी कारकून तपासील, याची आम्हांस कल्पना आहे.) त्यानंतर जे सार्वजनिक तारेस काही परत देते त्यास द्यावे. आणि नुसत्या आरामासाठी ज्यास बॅटरी हवी त्याने ती खुशाल घ्यावी, आपल्या पैशाने घ्यावी, आणि त्याबद्दल त्याने लाजण्याचे कारण नाही. उद्योगास मोठी सवलत द्यावयाचीच तर तिच्याबरोबर एक जुना रिवाज लिहून द्यावा: वस्ती अंधारात असता फाटकाशी एक प्लग चालू राहील, ज्यावर कोणासही आपले यंत्र लावता येईल. हे अव्यवहार्य आहे असे आमच्या एका वरिष्ठांनी सांगितले. ते व्यवहारी गृहस्थ आहेत आणि त्यांच्या घरी दोन इन्व्हर्टर आहेत.

या विचारात आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू निराळीच आहे, आणि ती आमच्या स्वतःच्या वर्गाची आहे. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक पुस्तक लिहिले. त्याचे बीज त्यास नायजेरियात सापडले होते. तेथील रेल्वे अत्यंत भोंगळ, तरी सुधारत नव्हती. भुईमूग वाहून नेण्यास मोटारट्रक मिळू लागले तेव्हा स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल असे वाटावे, घडले उलटेच. ज्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या ओरडण्याने रेल्वे हलली असती तेच ट्रकांकडे निघून गेले, आणि मागे राहिले ते ज्यांचे कोणी ऐकत नाही असे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तरेची वीजजाळी कोसळली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व व ईशान्य अशा तिन्ही कोसळल्या. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. त्या वेळी दिल्लीत मेट्रो बोगद्यात थांबली, आणि मोठमोठ्या कचेऱ्यांच्या मागे जनरेटर घरघरू लागले. नव्यानेच नोकरीस लागलेल्या आम्हांस त्या घरघरीचा आधार वाटला होता. आता वाटते, त्या कचेऱ्या खरोखरच दोन दिवस अंधारात राहत्या तर काय काय झाले असते! प्रत्येक सवलत ही, जाणून असो वा नसो, ज्याचा आवाज ऐकला जातो त्यास गप्प बसण्याचे मोल देते.

आम्ही इन्व्हर्टर घेतल्यापासून वीजकंपनीकडे किती वेळा तक्रार केली, हे आठवून पाहिले. एकदाही नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात दोन-चार वेळा तरी करीत होतो.

दादांनी अखेर जनरेटर घेतला, स्वतःच्या पैशाने. आम्ही त्यांना गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर एक प्लग काढण्यास सुचविले. वास्तविक, ज्यात सरकारचा एक स्क्रूही नाही त्या यंत्रावर हे बंधन घालण्याचा आमच्याच विचाराप्रमाणे आम्हांस अधिकार नव्हता, आणि तसे आम्ही त्यांस सांगितलेही. ते हसले आणि म्हणाले, "अरे, पोरे दिवसभर मोबाईल लावून बसतील तिथे." मग थोड्या वेळाने, "बघू." गेल्या वेळी बोलणे झाले तेव्हाही ते "बघू"च म्हणाले.

वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी नवी बॅटरी घेतली आहे. जिन्यातून गेलेली ती वायर आम्ही काही दिवस तशीच ठेवली होती. पुढे वसाहतीच्या देखभालीचा मनुष्य येऊन म्हणाला की असे करणे नियमास धरून नाही, आणि ते खरेच आहे. आम्ही ती काढली व गुंडाळून दारामागच्या खुंटीवर टांगून ठेवली. अठरा हात आहे. वरच्या दारापर्यंत बरोबर पुरते.